रानातला चालक आणि रस्त्यावरचा चालक : नवशिक्यांसाठी वाहतुकीचे पहिले धडे



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते रात्रंदिवस जागे असतात. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली, एस.टी. बसेस, शाळेची मुले. एरवी ज्या रस्त्यावर दहा मिनिटांत एक वाहन दिसते, तिथे चार-पाच महिने रांगा लागतात. आणि नेमक्या याच दिवसांत घरातली तरणी पोरे पहिल्यांदा गाडी हातात घेतात. दिवाळीत नवी मोटारसायकल येते, हंगामासाठी ट्रॅक्टर घेतलेला असतो, ड्रायव्हर वेळेवर मिळत नाही. मग बाप म्हणतो, “आपलं पोरगं हुशार हाय, चालवतंय चांगलं.”

पोरगं हुशार असेलच, त्याबद्दल वाद नाही. परंतु रानात ट्रॅक्टर चालवणे आणि रस्त्यावर चालवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. रानात चूक झाली तर सरी मोडते, फार तर बांध ढासळतो. काळी माती चूक पोटात घेते. डांबरी रस्ता घेत नाही. शिवाय रानात आपण एकटे असतो. रस्त्यावर आपल्या चुकीची किंमत समोरचा देतो, किंवा समोरच्याच्या चुकीची आपण देतो. केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली पन्नास हजारांवर हेल्मेट न घातलेली होती. हे आकडे दूरचे वाटतात. पण प्रत्येक आकड्यामागे आपल्यासारखेच एक घर आहे.

म्हणून या अंकात नवशिक्या चालकासाठी काही धडे दिले आहेत. ज्यांना चालवून वीस वर्षे झाली त्यांनीही वाचावेत, कारण पोर शिकते ते बापाचे बघूनच.

धडा पहिला : चाक कोणाच्या हातात द्यायचे?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे आणि त्यात २०१९ साली मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक पाहिजेत.

एक, वय. मोटारसायकल, मोटार, ट्रॅक्टर यांसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण पाहिजेत. भाड्याने माल किंवा माणसे नेणारे वाहन चालवायचे तर २०. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीला. आज बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या पेट्रोलच्या स्कूटर शंभर सी.सी.च्या वरच्या असतात. तेव्हा “गिअरची नाही, चालतंय की” हा समज खोटा आहे.

दोन, लर्निंग लायसन. हे सहा महिने चालते. मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसनसाठी परीक्षा देता येते. हल्ली लर्निंग लायसनचा अर्ज आणि परीक्षा घरबसल्याही होते. सोय चांगली आहे, पण मुलाची परीक्षा दुसऱ्यानेच दिली असे करू नका. त्या प्रश्नांची उत्तरे पुढे रस्ता विचारतो, आणि तिथे दुसरा कोणी उत्तर देत नाही.

तीन, शिकण्याची रीत. लर्निंग लायसनवर एकट्याने गाडी चालवता येत नाही. पक्के लायसन असलेला माणूस शेजारी पाहिजे आणि गरज पडल्यास गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला पाहिजे. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावायचे. पाटी १८ सेंटिमीटर चौरस असावी. पुष्कळांना ही पाटी लावायची लाज वाटते. लाज कसली? ती पाटी मागच्याला सांगते की, “बाबा, मी शिकतोय, जरा जपून ये.” मोटारसायकल शिकणाऱ्याने मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवायचे नाही.

चार, जबाबदारी. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना कायदा मोडला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. “मला ठाऊक नव्हते” म्हणून सुटायचे तर ते मालकाने सिद्ध करावे लागते. किल्ली खुंटीला टांगलेली असेल तर हे सिद्ध करणे अवघडच.

याला जोडून विम्याची गोष्ट. लायसन नसलेल्या चालकाने अपघात केला, तर न्यायालय जखमीला किंवा मयताच्या वारसांना भरपाई विमा कंपनीकडून आधी देववू शकते. पण ती रक्कम पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. ही वसुली लाखांत जाते. म्हणजे जमीन विकायची वेळ येते. तेव्हा लायसनवर कोणत्या वर्गाचे वाहन लिहिले आहे, ट्रॅक्टर-ट्रॉलीची नोंदणी व विमा शेतीकामासाठी आहे की भाड्याच्या वाहतुकीसाठी, हे हंगामापूर्वी एकदा कागद काढून वाचावे. समजले नाही तर आर.टी.ओ. कार्यालयात व विमा कार्यालयात विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

धडा दुसरा : गाडी हलवण्यापूर्वी

बैल जुंपण्यापूर्वी आपले आजोबा जू, सापत्या, चाकाची कुणी तपासत. तीच सवय इथे लावायची. किल्ली फिरवण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची.

मोटारसायकलसाठी : दोन्ही ब्रेक, टायरमधली हवा, पुढचा-मागचा दिवा, आरसे. हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचे पाहिजे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला पाहिजे. पट्टा मोकळा असेल तर पडताना हेल्मेट आधी उडते आणि डोके मागून आपटते. आरशाला अडकवलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते, डोक्याचे नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते, बायकांनाही.

ट्रॅक्टरसाठी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच नवशिक्याला कोणी सांगत नाही. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, एक डाव्या चाकाचे, एक उजव्या चाकाचे. रानात काकरीच्या टोकाला जागच्या जागी वळता यावे म्हणून ती वेगळी ठेवलेली असतात. परंतु रस्त्यावर वेगात असताना एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक धरते, ट्रॅक्टर गर्रकन त्या बाजूला ओढला जातो आणि उलटतो. म्हणून दोन्ही पेडल जोडणारी कडी असते. रान सोडून रस्त्याला लागताना पहिले काम म्हणजे ही कडी लावणे. कडी मोडली असेल तर ती बसवून घेतल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नये.

त्यानंतर ट्रॉलीची पिन पाहायची. ती वर उसळून निघू नये म्हणून खाली खीळ आहे की नाही हे हाताने चाचपायचे. टायर, चाकाचे नट, मागचे दिवे, रिफ्लेक्टर पाहायचे.

आणि शेवटचे : ट्रॉलीखाली वाकून पाहायचे. ऊसतोड मजूर दमून सावलीला ट्रॉलीखाली पाठ टेकतात, त्यांची लहान लेकरे तिथेच खेळतात, कधी झोळी तिथेच बांधलेली असते. फडात असो की गाडीतळावर, खाली पाहिल्याशिवाय आणि मोठ्याने हाक दिल्याशिवाय गाडी एक इंच हलवू नये. या नियमाला कोणतीही घाई आडवी येता कामा नये.

धडा तिसरा : गाडी थांबते कुठे?

नवशिक्याला वाटते, ब्रेक दाबला की गाडी थांबली. तसे होत नाही. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. त्यानंतर ब्रेक धरतात आणि गाडी घसटत थांबते. कोरडा चांगला रस्ता, चांगले ब्रेक आणि चांगले टायर धरले तर हिशेब साधारण असा येतो :

ताशी २० कि.मी. : विचारात ६ मीटर, ब्रेकमध्ये ३ मीटर, एकूण ९ मीटर.
ताशी ४० कि.मी. : विचारात ११ मीटर, ब्रेकमध्ये १२ मीटर, एकूण २३ मीटर.
ताशी ६० कि.मी. : विचारात १७ मीटर, ब्रेकमध्ये २८ मीटर, एकूण ४५ मीटर.
ताशी ८० कि.मी. : विचारात २२ मीटर, ब्रेकमध्ये ४९ मीटर, एकूण ७१ मीटर.

नीट पाहा. वेग ४० वरून ८० झाला, म्हणजे दुप्पट. पण ब्रेकमधले अंतर १२ वरून ४९, म्हणजे चौपट झाले. हा निसर्गाचा नियम आहे, कंपनी कोणतीही असो. रस्ता ओला असेल, चिखल असेल, टायर गुळगुळीत असेल तर अंतर आणखी वाढते. पाणंदीतून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल आणि रस्त्यावर पडलेले पाचट-वाढे यांवरून दुचाकी साबणावरून घसरावी तशी घसरते.

आता रात्रीचा विचार करा. मोटारसायकलचा दिवा खाली पाडलेला असताना साधारण तीस-चाळीस मीटरपर्यंतचे धड दिसते. वेग ६० असेल तर थांबायला ४५ मीटर लागतात. म्हणजे समोर बिनदिव्याची उसाची ट्रॉली दिसली, तेव्हाच धडक ठरून गेलेली असते. ब्रेक कितीही दाबा. हंगामात रात्री मागून धडकून जे अपघात होतात त्यांचे गणित हे असे आहे. यावरून दोन नियम निघतात. मागच्यासाठी : उजेडात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. पुढच्यासाठी : आपण मागून दिसलो पाहिजे. दोघांनी आपापला नियम पाळला तरच माणूस वाचतो.

पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवायचे? सोपी युक्ती आहे. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून किंवा खांबाजवळून गेली की सावकाश म्हणायचे, “एकशे एक, एकशे दोन.” एवढे म्हणून होण्याआधी आपण त्या झाडाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात, धुक्यात, किंवा आपल्या मागे भरलेली ट्रॉली असताना हे मोजणे दुप्पट करावे.

धडा चौथा : बाजू, वाट आणि ओलांडणे

आपल्या देशात डाव्या बाजूने चालायचे, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी दुभाजक असलेल्या हमरस्त्यावर रोज लोक उलट्या दिशेने येताना दिसतात. कारण वळायची जागा अर्धा किलोमीटर पुढे असते आणि डिझेल वाचवायचे असते. समोरून ८० च्या वेगाने येणाऱ्याला तुम्ही त्या बाजूला असाल ही कल्पनाच नसते. वाचलेले डिझेल शंभर ग्रॅमचे, आणि पणाला लावलेला जीव आख्ख्या घराचा. शिकाऊ चालकाने पहिल्या दिवसापासून ही सवय लावूनच घेऊ नये.

पाणंदीतून किंवा वस्तीच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना पूर्ण थांबायचे. नुसता वेग कमी करून चालत नाही. उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा, मगच निघा. वाट मोठ्या रस्त्यावरच्याची आधी. कडेला उभा ऊस असेल तर तो भिंतीसारखा आडवा येतो. तिथे बरोबरच्या माणसाला खाली उतरवून इशारा करायला सांगणे शहाणपणाचे. ज्यांचा ऊस वळणावर किंवा चौकात आहे त्यांनी कोपऱ्यातल्या दोन-चार सऱ्या आधी तोडायला शेतकी विभागाकडे विनंती करावी.

गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, कारण चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडीला नेहमी वाट द्यावी.

ओलांडायचे ते उजव्या बाजूने, आणि समोर मोकळे दिसत असेल तरच. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर, चौकात ओलांडू नये. रस्त्याच्या मध्ये तुटक पांढरी रेघ असेल तर सुरक्षित असल्यास ओलांडता येते. अखंड पिवळी रेघ असेल तर ती ओलांडायची नाही.

मोकळे म्हणजे किती मोकळे? हिशेब करू. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी २० ने चालला आहे, त्याची एकूण लांबी १८ मीटर धरू. मोटारसायकल ५० ने त्याला ओलांडते. मागे १५ मीटर असताना बाहेर पडून पुढे १५ मीटर गेल्यावर परत डावीकडे यायला सुमारे सहा सेकंद लागतात. या सहा सेकंदांत मोटारसायकल ८० मीटर जाते, आणि समोरून ६० ने येणारी गाडी १०० मीटर जवळ येते. म्हणजे निदान १८० मीटर, सुरक्षितपणे २०० मीटरपेक्षा जास्त रस्ता रिकामा पाहिजे. विजेच्या खांबांचे अंतर साधारण पन्नास मीटर धरा. चार-पाच खांबांपर्यंत समोर काही नसेल तरच बाहेर पडा. दोन खांबांवर दिवा दिसत असेल तर थांबा. दोन मिनिटे उशीर झाला तर काही बिघडत नाही.

धडा पाचवा : पाट्यांची भाषा

रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत असे होऊ नये म्हणून त्यांचे आकारच वेगळे केले आहेत. अक्षर ओळख नसली तरी आकारावरून समजते.

गोल पाटी म्हणजे हुकूम. तांबड्या काठाची गोल पाटी बहुधा ‘हे करू नका’ म्हणते किंवा मर्यादा सांगते : प्रवेश बंद, ओलांडू नका, वेग ४०. निळी गोल पाटी ‘हेच करा’ म्हणते : डावीकडे वळा, हॉर्न वाजवा.

तांबड्या काठाची त्रिकोणी पाटी म्हणजे सावधगिरी : पुढे वळण आहे, अरुंद पूल आहे, शाळा आहे, रेल्वे फाटक आहे.

चौकोनी पाटी म्हणजे माहिती : दवाखाना, पेट्रोल पंप, गावाची नावे.

दोन पाट्या मुद्दाम वेगळ्या आकाराच्या आहेत, म्हणजे मागून पाहिले तरी ओळखू याव्यात. आठ कोनांची तांबडी पाटी म्हणजे ‘थांबा’. उलटा त्रिकोण म्हणजे ‘वाट द्या’.

वेगाच्या पाटीवरचा आकडा हा वरचा शेवट आहे. तेवढ्या वेगाने गेलेच पाहिजे असे त्यात लिहिलेले नाही.

धडा सहावा : मागे उसाची ट्रॉली असताना

ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन आणि मागे ऊस त्याच्या कित्येक पट. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे सगळे ओझे थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी. एकदम ब्रेक मारला तर मागची ट्रॉली पुढे ढकलते आणि ट्रॅक्टर व ट्रॉली कोयत्यासारखी दुमडतात. म्हणून वेग आधीच कमी ठेवायचा, हळूहळू दाबायचे.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणे हा सर्वांत घातक खेळ आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध सुटतो, ब्रेक तापतात आणि मग धरतच नाहीत. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, आणि गिअर उतार लागण्यापूर्वी टाकायचा. उताराच्या मध्यावर गिअर बदलायला गेलो आणि पडला नाही, तर गाडी मोकळी सुटते.

वळताना ट्रॉलीची मागची चाके ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, आतून कापत जातात. म्हणून कोपऱ्यावर बाहेरून रुंद वळण घ्यायचे आणि आतल्या बाजूला कोणी दुचाकीवाला शिरला नाही ना, हे पाहायचे. मोटारसायकलवाल्यांनी वळणाऱ्या ट्रॉलीच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नये.

भर जास्त झाला की मागचा बोजा ट्रॅक्टरचे तोंड उचलतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही. चढावर हे चटकन जाणवते. चार मोळ्या कमी भरल्याने खेप वाया जात नाही. पुढची चाके जमिनीवर नसतील तर मात्र सगळेच वाया जाते.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसवू नये. ट्रॅक्टरला जागा एकच असते, ती चालकाची. तिथून पडलेला माणूस थेट मोठ्या चाकाखाली येतो आणि विमा कंपनीही अशा माणसाची भरपाई नाकारू शकते. उसाच्या भरावर मजुरांना, विशेषतः रात्री, झोपू देऊ नये.

शाळेची पोरे चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढतात. गावात शिरताना वेग माणसाच्या चालीवर आणावा. पोरांना ऊस हवा असेल तर गाडी थांबवून दोन कांड्या आपल्या हाताने द्याव्यात. घरच्या लोकांनीही पोरांना बजावून ठेवावे.

मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर भराच्या आड जातात. लोंबणारे वाढे कापून काढावेत, धुळीने माखलेला रिफ्लेक्टर प्रत्येक खेपेला फडक्याने पुसावा. बैलगाडीलाही मागे तांबडा रिफ्लेक्टर बांधावा. गाडी बैलांची असली तरी मागून येणारी मोटार असते.

गाडी बंद पडली तर रस्त्यावरून शक्य तितकी डावीकडे खाली घ्यावी. मागे लांबून दिसेल असा चमकणारा त्रिकोण ठेवावा. चाकाला लावलेले दगड निघताना उचलून कडेला टाकावेत. आपण निघून जातो, दगड रस्त्यातच राहतात, आणि रात्री कोणाचा तरी मुलगा त्यावरून पडतो. दगड उचलायला अर्धे मिनिट लागते.

ट्रॅक्टरवर मोठमोठे डेक आणि भोंगे बसवायची हौस फार वाढली आहे. मागून हॉर्न ऐकू येत नाही, पिन निसटल्याचा आवाज येत नाही, कोणी ओरडले तरी समजत नाही. चालकाचे कान हे त्याचे मागचे डोळे आहेत. ते झाकू नयेत.

धडा सातवा : झोप, दारू आणि मोबाईल

हंगामात गाडीतळावर रात्र रात्र नंबर लागतो. झोप न झालेला चालक पहाटे परत फिरतो, आणि पहाटेची डुलकी सांगून येत नाही. बिडी-तंबाखूने झोप जात नाही, लांबल्यासारखी वाटते एवढेच. डोळे जड झाले तर गाडी रस्त्याच्या खाली घेऊन वीस मिनिटे झोपावे. मालकांनीही एकाच चालकावर दोन-दोन रात्री काढू नयेत.

दारूबद्दल कायदा स्पष्ट आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. परंतु शिकाऊ चालकाने हा आकडा पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट ठरवावी : प्यायलेल्या माणसाने किल्लीला हात लावायचा नाही, आणि त्याच्यामागे बसायचेही नाही.

हातात मोबाईल धरून चालवणे हे कायद्याने धोकादायक चालवणे ठरते. ताशी ४० च्या वेगात दोन सेकंद मोबाईलकडे पाहिले तर २२ मीटर गाडी आंधळी गेली असे समजावे.

धडा आठवा : अपघात झालाच तर

प्रथम आपली गाडी बाजूला थांबवा आणि मागून येणाऱ्यांना इशारा करा, नाहीतर दुसरा अपघात होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ फिरवा. गावाचे नाव, जवळचा फाटा, किलोमीटरचा दगड स्पष्ट सांगा. जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनळीत जाते. मान किंवा पाठ दुखावल्याचा संशय असेल तर, आग किंवा वाहतुकीचा धोका नसताना, जखमीला ओढाताण करून हलवू नका.

“पोलिसांचे लचांड नको” म्हणून लोक पुढे होत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे. सद्भावनेने मदत केली म्हणून त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ साली केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत बिनरोख उपचारांची योजना जाहीर केली आहे. तेव्हा पैशाची वाट पाहत जखमीला ताटकळत ठेवू नये.

अपघातात आपलीच गाडी असेल तर पळून जाऊ नये. जमावाची भीती असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन वर्दी द्यावी. जखमीला मदत मिळवून देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

स्वाध्याय

संध्याकाळी जेवणाच्या वेळी शिकाऊ मुलाला किंवा मुलीला हे प्रश्न विचारावेत.

१. रान सोडून रस्त्याला लागताना ट्रॅक्टरचे पहिले काम कोणते?
२. ताशी ६० च्या वेगात थांबायला साधारण किती मीटर लागतात? दिव्यात किती दिसते?
३. उलटा त्रिकोण काय सांगतो?
४. उतारावर गिअर कोणता, आणि तो कधी टाकायचा?
५. लर्निंग लायसनवर एकट्याने गावात जाऊन येता येईल का?
६. गाडी हलवण्यापूर्वी ट्रॉलीखाली का पाहायचे?

उत्तरे : १. दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी कडी लावणे. २. सुमारे ४५ मीटर. दिवा खाली असताना तीस-चाळीस मीटर. ३. वाट द्या. ४. चढ चढताना लागतो तो. उतार सुरू होण्यापूर्वी. ५. नाही. ६. हे उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत द्यावे. ते नीट आले तरच किल्ली त्याच्या हातात द्यावी.

सभासदांनो, ऊस एक दिवस उशिरा गेला तर वजनात थोडी घट येते. ती घट पुढच्या हंगामात भरून काढता येते. तोडीची पाळी, काट्यावरचा नंबर, खेपांची संख्या या सगळ्याची घाई आपल्याला आहे, ती खरीच आहे. पण घरातून निघालेला चालक, मग तो आपला मुलगा असो, पगारी ड्रायव्हर असो की बीडकडून आलेला तोडणीवाला असो, रात्री सुखरूप परत आला तरच त्या दिवसाची खेप पुरी झाली असे समजावे.